तुझी आई अजून बेटावरच आहे

ओबन, स्ट्यूअर्ट बेट
जुलैतला मंगळवार, बाहेर गारा

प्रिय मर्व्हिन हार्कस यास,

तुझा शाळासोबती आणि (गेल्या आठवड्यापर्यंत) जिवलग मित्र क्लॅरी टुली याचा रागासह नमस्कार. तू, डोरीनवहिनी आणि तुमचा तो अंगणातला पोहण्याचा हौद, सगळे खुशाल असाल अशी आशा आहे. तुझा गुडघा कसा आहे? बराच असणार. क्वीन्सलँडात कुणाचे गुडघे दुखतच नाहीत, असं तू दर रविवारी फोनवर सांगतोस. माझं म्हणशील तर कंबर धरली आहे, उजवा खांदा वर होत नाही आणि नाकाचा शेंडा विमानतळावरून परतल्यापासून लाल आहे तो आहेच. या तिन्ही दुखण्यांचं कारण तू. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोनवर मला धड रागावता येत नाही; मी तापायला लागलो की तू इकडचं हवामान विचारतोस.

तर हवामान ऐक. सकाळी पाऊस होता, न्याहारी होईतो ऊन पडलं, ते बघून मी कपडे वाळत घातले, तेवढ्यात दक्षिणेचा वारा सुटला आणि माझी विजार हॉटेलच्या छपरावर जाऊन बसली. आता गारा चालू आहेत. याच बेटावर तू जन्मलास, याच वाऱ्यात अनवाणी शाळेत गेलास, आणि आता मला विचारतोस, ‘तुम्ही माणसं तिथे राहता तरी कशी?’ अरे, तू राहायचास तसेच राहतो! तिकडे गेल्यापासून तू ऊन काय स्वतःच्या कष्टाने कमावल्यासारखा बोलतोस. जुलैच्या ऐन हिवाळ्यात उघड्या अंगाने फिरतो हे सांगताना तुला लाज कशी वाटत नाही, हे मी आणि टामा (आपल्या बोटीचा कप्तान, तुझ्यामागे दोन इयत्ता होता तो) नेहमी बोलत असतो.

पण मुद्द्यावर येतो. एप्रिलमध्ये तुझी आई कोळशाच्या खोपटापाशी पाय घसरून पडली आणि मी चहाला म्हणून तिच्याकडे गेलो तेव्हा पावसात तशीच पडलेली सापडली, हे शेजारधर्म म्हणून मीच तुला कळवलं. तू घाबरलास. घाबरणारच, मुलगा आहेस. तिला कायमची तुझ्याकडे न्यायचं ठरवलंस, तेही समजलं. पण तिला आणायचं काम तू माझ्या गळ्यात घातलंस, आणि वर म्हणालास, ‘सोपं आहे रे क्लॅरी! बोटीने ब्लफ बंदर, तिथून गाडीने इन्व्हरकार्गिल, मग विमान, मग दुसरं विमान, की आलातच तुम्ही आमच्या अंगणात!’ सोपं? मर्व्हिन, तुझ्या आईला, आमच्या उनामावशीला, स्वतःच्या स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात आणणंसुद्धा सोपं नाही.

पहिली गोष्ट सामानाची. कायमची निघालेली बाई, तर काय काय घेईल? तुझ्या आईने एक छोटी बॅग भरली आणि एक मोठी बादली. बॅगेत दोन झगे आणि तुझ्या वडिलांचा फोटो. बादलीत आपल्या बेटावरचे खारवलेले, तेलकट मटनबर्ड पक्षी. झाकण लावून, दोरीने आवळून, वर ‘मर्व्हिन’ असं लिहिलेली बादली! मी म्हटलं, ‘मावशी, ऑस्ट्रेलियात हे घेऊ देत नाहीत. ते लोक सफरचंदसुद्धा काढून घेतात.’ तर म्हणते, ‘सफरचंद घेतील. याला हात लावून तर बघू दे.’ त्या पक्ष्यांचा वास तुला ठाऊक आहे. आपल्याला तो वास म्हणजे जेवण. पण परक्या माणसाला बोटीला आग लागली की काय असं वाटतं. ती बादली मी उचलली, मर्व्हिन. घरापासून धक्क्यापर्यंत, धक्क्यापासून घरापर्यंत, आणि हे किती वेळा झालं ते पुढे येईलच.

निघायच्या आदल्या दिवशी गावाने सभागृहात निरोपसमारंभ केला. सगळे आले. पॅव्हलोव्हा केक होता (हा केक मुळात ऑस्ट्रेलियाचा, असं तू हल्ली लोकांना सांगतोस म्हणे. मैत्रीला काही मर्यादा असतात एवढंच म्हणतो). भाषणं झाली, टामा गायला, बायका रडल्या, तुझ्या आईला गावाने एक लोकरीची शाल दिली. क्वीन्सलँडला लोकरीची शाल! दुसऱ्या दिवशी सगळं गाव धक्क्यावर जमलं, आणि टामाने समुद्राकडे बघून सांगितलं, ‘आज बोट नाही.’ सामुद्रधुनीत लाटा घराएवढ्या. निरोप दिलेल्या माणसाबरोबर पुन्हा घरापर्यंत चालत जाताना काय बोलावं, कुणालाच सुचेना. फक्त तुझी आई खुशीत. ‘शाल मात्र छान ऊबदार आहे,’ म्हणाली.

दोन दिवसांनी पुन्हा निघालो. या वेळी धक्क्यावर निम्मंच गाव होतं. रडलं कुणीच नाही. पोस्टातली मॉइरा तर नुसता हात करून आत गेली. आता पुढचं लिहायची मला इच्छा नाही, पण टामा तुला सांगेलच, म्हणून माझ्याच तोंडून ऐक. मला बोट लागली. मला! ज्याने सगळी उमर याच पाण्यात शेवंडं पकडली, ज्याला लोक वादळात शोधायला पाठवायचे, तो मी प्रवासी म्हणून बाकावर बसलो आणि बेटाचं टोक ओलांडायच्या आत हिरवा झालो. (हातात सुकाणू नसलं की पोटाला कुठे जायचं ते कळत नाही, असं माझं मत आहे.) शेजारी वेलिंग्टनचा एक सरकारी साहेब बसला होता, तोही हिरवा. आणि तुझी आई? तिने खाण्याचा डबा काढला आणि डुगडुगत्या बोटीत सगळ्यांना चीज भरलेल्या पावाच्या गरम गुंडाळ्या वाटत फिरली. ‘खा रे, रिकाम्या पोटी जास्त त्रास होतो,’ असं त्या साहेबाला म्हणाली. त्याने खाल्लं. पुढे त्याचं काय झालं ते लिहीत नाही. अर्ध्यावर गेल्यावर टामाने बोट वळवली आणि आम्ही परत! त्या दिवशी संध्याकाळी तो साहेब तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात पत्ते खेळत बसला होता, तिच्या खुर्चीत नव्या शालीत गुंडाळलेला. ‘असा पाहुणचार वेलिंग्टनला मिळत नाही,’ म्हणत होता. तो खूश, ती खूश. मी एकटा माझ्या घरात आलं घातलेला चहा पीत होतो, पोटावर हात धरून.

तिसऱ्यांदा समुद्र शहाण्यासारखा वागला. धक्क्यावर फक्त एक कुत्रं होतं, तेही दुसऱ्याच कुणासाठी आलेलं. ब्लफ आलं, तिथून गाडी केली. गाडीवाल्याने बादलीचा वास घेऊन सगळ्या काचा खाली केल्या, म्हणजे इन्व्हरकार्गिलपर्यंत आम्ही गोठत गेलो. माझं नाक त्यातलंच. विमानतळावर पोचलो तेव्हा विमान उभं होतं, खिडकीतून दिसत होतं. आता सगळं पार पडलं असं मला वाटलं. मनात म्हटलं, रात्री मर्व्हिनच्या अंगणात बसून त्याला चार शिव्या देऊ, की झालं.

काउंटरवरच्या मुलीने बॅग घेतली आणि बादलीकडे बोट केलं. खालून तेल पाझरत होतं. ती भल्या घरची मुलगी होती, मर्व्हिन, नाकाला रुमालसुद्धा लावला नाही तिने. इतकंच म्हणाली, ‘आजी, हे विमानात नाही हो नेता येणार.’ इथून पुढे जो गोंधळ झाला तो तुझ्या आईमुळे झाला. बादली नाही तर विमान नाही, असं सरळ म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. मी त्या मुलीची समजूत घालत होतो, तिच्या वरच्या साहेबाला बोलावून घेतलं, त्याच्याही वरच्या साहेबाचं नाव विचारलं. मागे रांग लागली. लोक कुरकुरू लागले. एवढ्यात तुझ्या आईने मला हाक मारली.

‘क्लॅरी, इकडे ये. बस इथे.’

बसलो.

‘मला एक सांग. मर्व्हिनला मी हवी आहे, की त्याला फक्त माझी काळजी नको आहे?’

मी म्हटलं, ‘मावशी, विमान सुटतंय.’

‘सुटू दे. मी विचारलं त्याचं उत्तर दे. तो बोलावतो, पण तिथे मी दिवसभर करायचं काय, हे एकदा तरी बोललाय? इथे कुणी आजारी पडलं की मला बोलावतात. माझ्या चुलीतून धूर निघाला नाही की तू धावत येतोस. तिथे माझ्या चुलीकडे कोण बघणार? तिथे चूलच नाही.’

तू असायला हवा होतास. हा प्रश्न तुझ्यासाठी होता आणि तो मला ऐकावा लागला, एका तेलकट बादलीशेजारी, भर विमानतळावर, मागे माणसांची रांग. मला इतका राग आला तुझा! मी म्हटलं, ‘मुलगा आहे तुझा, हवीच असशील.’ ती म्हणाली, ‘हे तू म्हणतोस.’ आणि विमान गेलं. काच थरथरली, मग सगळं शांत झालं. त्या मुलीने आम्हाला चहा आणून दिला. मावशीने तिला दोन मटनबर्ड दिले, कागदात बांधून, कसे उकळायचे तेही सांगितलं. आणि आम्ही परत निघालो. येताना सामुद्रधुनी इतकी निवांत होती की पाण्यात बघून दाढी करावी. समुद्र माझी नुसती चेष्टा करत होता.

आता पुन्हा निरोपसमारंभ होणार नाही, असं गावाने मला स्पष्ट सांगितलं आहे. सभागृह शनिवारी नाचाला दिलंय आणि केकला अंडी नाहीत. सामान उचलायला माझा खांदा नाही. म्हणून मी हे काम सोडतो आहे. तुला आई न्यायची असेल तर स्वतः ये, बादली स्वतः उचल आणि तिच्या प्रश्नाला स्वतः तोंड दे. माझ्याने होणार नाही. हा माझा शेवटचा शब्द.

डोरीनवहिनीला नमस्कार. तुझ्या हौदाला नाही.

तुझा (अजून तरी)
क्लॅरी टुली

ता. क. वरचं रागात लिहिलं आहे, पण खरं आहे. एकच विनंती. रविवारी फोन करशील तेव्हा तिला पुन्हा तिकिटाचं बोलू नकोस. निदान उन्हाळ्यापर्यंत. तिच्या दारापासून खोपटापर्यंत मी कठडा घालतो आहे, लाकूड आणलं आहे. सकाळ-संध्याकाळ जाऊन बघून येतो. जेवायला तसाही तिच्याकडेच असतो, म्हणजे नजर आपोआप राहते.

ता. क. दुसरा. मर्व्हिन, हे अक्षर क्लॅरीचं नाही, माझं आहे, तुझ्या आईचं. पत्र पोस्टात टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं, आणि पाकीट काही धड चिकटलेलं नव्हतं. वाचलं. बाकी सगळं ठीक लिहिलंय, पण विमानतळावरचं खोटं आहे. बादली राहू दे, म्हणून मी त्या मुलीला केव्हाच सांगितलं होतं, आणि विमानात बसायचा कागद माझ्या हातात होता. बादलीवरून भांडत होता तो. या बाई बादलीशिवाय जाणार नाहीत, कुणाला बोलवायचंय त्याला बोलवा, म्हणून ओरडत होता, आणि एकीकडे डोळे पुसत होता. त्याची बायको जीन गेली तेव्हासुद्धा मी त्याला तसा पाहिला नव्हता. म्हणून मी बाकावर बसले आणि विमान जाईपर्यंत त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. त्याला हे कळलेलं नाही, तूही सांगू नकोस. मी बिघडवलं असं तो म्हणतो तर म्हणू दे.

प्रश्न मात्र मी खराच विचारला होता. त्याचं उत्तर फोनवर नको, इथे येऊन दे. डोरीनलाही आण. तुझी जुनी खोली झाडून ठेवली आहे. खिडकी अजून नीट लागत नाही, वारा येतो. क्लॅरी म्हणतो, दुरुस्त करून देतो. तुम्ही दोघं शाळेत होतात तेव्हापासून म्हणतोय.