तेराव्याच्या पानावरची सनई

चि. पुष्कर यास कन्हेरीहून चिंतामणमामाचे आशीर्वाद. (ते तूर्त तुझ्या आईकडे ठेवायला दिलेत, तुझी वागणूक पाहून ती देईल.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण तसं काही नाही. सुधाताईचा गुडघा कसा आहे ते कळव. माझ्या डोक्याचं विचारू नकोस. फोनवर तू हसतोस, म्हणून हे लिहून आपले मांडववाले वाजिदभाई आज पुण्याला निघालेत त्यांच्या हाती देतोय.

आपल्या मंगल कार्यालयाची वेबसाइट भाच्यानं करून दिली, हे मी गावभर सांगत फिरलो. आता त्या सगळ्यांच्या घरी जाऊन शब्द परत मागावेसे वाटतात. सणसरच्या भीमरावांचे वडील, तात्या, वारले. भीमरावांच्या मुलाशी, कुशलशी, माझ्या सईचं ठरल्यात जमा होतं, हे तुला ठाऊक आहे. घरात मयत झाली की लग्न एकतर वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. भीमरावांचा कल थांबण्याकडे. तेवढ्या काळात माणसांची मनं फिरतात (कुशलला तर परदेशाचं खूळही आहे), या काळजीनं मला झोप नाही. म्हणून भेटायला गेलो, आणि तेराव्याच्या जेवणाचा विषय निघताच मोठ्या ऐटीत म्हणालो, आमच्या मागच्या हॉलमध्ये सोय आहे, साइटवर त्याचं वेगळं पान आहे, बघा.

भीमरावांचा फोन घरातल्या स्पीकरला जोडलेला होता, त्यावर अभंग चालू होते. त्यांनी पानाला बोट लावलं मात्र, अभंग बंद आणि सनई-चौघडा सुरू. पानभर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. रडणाऱ्या बायका पदर खाली करून बघायला लागल्या. वर एक चौकट आली, त्वरा करा, मोजकेच मुहूर्त शिल्लक. ती मिटवली तर दुसरी, आपण वरपक्षाचे की वधूपक्षाचे. उत्तर दिल्याशिवाय ती हलेना. भीमरावांनी गोंधळून वरपक्ष दाबलं (खोटं बोलायची सवय नाही त्यांना), तर हार्दिक अभिनंदन. मग ते मान खाली घालून म्हणाले, "चिंतामणराव, तुमी निगा आता." मी चपला शोधेपर्यंत सनई वाजतच होती.

तुला विचारलं तर तू म्हणालास, मामा, या सगळ्याच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्राम, असतात, त्या सगळ्या पानांवर एकदमच टाकल्या, सोपं पडतं. अरे गाढवा, मांडवात सगळ्यांना अक्षता वाटतात म्हणून शेजारच्या मयतीत पण वाटायच्या का? सई म्हणते, कुठली स्क्रिप्ट कुठल्या पानावर चालावी हे ठरवायची सोय असते, आणि तू तिथे 'सर्वत्र' वर खूण करून मोकळा झालास. तिचंच लग्न अडलंय आणि तीच मला हे शांतपणे समजावते, याचा मला जास्त राग येतो. शिवाय जेवणाच्या यादीचं पान सणसरच्या रेंजमध्ये उघडतच नाही, कारण आधी पाकळ्या याव्या लागतात. जिलेबी मागून.

तरी तेराव्याच्या पानावरून सनई, पाकळ्या, चौकशी, सगळं आजच्या आज काढ. काढलं नाहीस तर मामा मेला असं समज, आणि माझ्या तेराव्याचं बुकिंग कृपा करून या साइटवरून करू नकोस.

तुझा (नाइलाजानं) मामा,
चिंतामण

ता.क. वाजिदभाई गाडी काढेपर्यंत भीमरावांचा फोन आला. मी निघाल्यावर त्यांच्या आईनं डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "ही सनई वरनं ह्यांनीच लावली. वर्साच्या आत उरका म्हणत्यात." भीमराव आईपुढे बोलत नाहीत. या सालीच करू म्हणाले. सई आत जाऊन दार लावून बसली आहे, हसते की रडते कळत नाही. मी मात्र रडलो.

ता.क. दुसरा. तेव्हा त्या पानाला इतक्यात हात लावू नकोस. तीन वर्षं थांबा म्हणणारे भीमरावांचे चुलते गुरुवारी इंदापूरहून येताहेत, आणि म्हातारी त्यांच्याच हातानं ते पान उघडवणार आहे. फक्त सनईचा आवाज थोडा वाढव. त्यांना कमी ऐकू येतं.