घेवड्यावरचा आळ

३ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

लेकीच्या बाळंतपणाला गेलीस ते ठीक. पण घर माझ्यावर सोपवताना गच्चीत विष वाढवून ठेवलंयस, हे सांगायचं होतंस. तुझं मांजर घेवड्याचा पाला चघळताना मी या डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, घेवडा मांजराला बाधतो. मांजर पाळायची हौस दांडगी, अक्कल मात्र बेताची! वेल मुळासकट उपटला. आधाराच्या सुतळ्याही कापून टाकल्या. मांजर दुपारभर त्यांच्याशी मजेत खेळत होतं. बघ, जनावरालासुद्धा कळतं कोण आपल्या भल्याचं करतो ते.

मुलीला आशीर्वाद. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी वेल काही परत चिकटत नाही.

तुझा दादा

८ मार्च

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

नात झाली. दोघी सुखरूप आहेत. नाक तुझ्यावर गेलंय. डोकं तरी बापावर जावो.

वजनमापं निरीक्षक म्हणून जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासलेस, आणि काकूंचं बोलणं मात्र न तोलताच घेतलंस! वेल लावण्याआधी मी मांजरांच्या डॉक्टरांना विचारलं होतं. घेवड्याच्या पानांनी मांजराला विषबाधा होत नाही. फार खाल्ली तर पोट बिघडतं, इतकंच. कच्चे दाणे मात्र वाईट, म्हणून शेंगा मी कोवळ्या असतानाच तोडते. निघताना हे सगळं तुला सांगत होते, तेव्हा तू वर्तमानपत्रात डोकं खुपसून मान डोलवत होतास.

आणि सुतळी? नसलेलं विष उपटलंस आणि खरा फास जमिनीवर पसरलास. मांजर सुतळी गिळतं, ती आतड्यात अडकते. पत्र मिळताच कोपरान्कोपरा शोध. मांजरी खात नसेल, ओकत असेल, तर तशीच उचलून दवाखान्यात ने. तोंडातून टोक दिसलं तर ओढू नकोस. आणि कृपा करून काकूंचा सल्ला घ्यायला थांबू नकोस.

लोभ आहे; सध्या जरा नासलाय, तरी फेकून देऊ नये.

धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मांजर दोन दिवस उपाशी होतं. घेवड्याचं विष उतरतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पत्र वाचलं आणि तिला टोपलीत घालून धावलो. पोट फाडावं लागलं. आतड्यातून वीतभर सुतळी निघाली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वेल तसाच ठेवला असतात, तर ही वेळ आली नसती, साहेब." त्या 'साहेब'नं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती जगेल म्हणतात. काकूंना मी काही बोललो नाही; त्यांची जीभ चालली, हात माझे चालले. तू आल्यावर हवं तितकं तोंडसुख घे.

दवाखान्यातल्या बाईंच्या हातून ती चार घास खाते. मी गेलो की भिंतीकडे तोंड फिरवते. बाई म्हणाल्या, नावानं हाक मारून बघा. इतके दिवस एका घरात राहिलो, पण 'ए मांजर' यापलीकडे तिला काही म्हटलेलं नाही. नाव तू सांगितलं असशील; मला आठवत नाही.

लोभ मागायला तोंड उरलेलं नाही. तेवढं नाव मात्र परतटपालानं कळव.

दादा