विहिरीचं पाणी

७ एप्रिल, सोमवार
धानोऱ्यात पोचले. बल्लारपूरहून निघताना अम्मी रडली, मी मात्र खुशीत होते. प्राणिशास्त्र शिकून पहिलीच नोकरी. नागसेन सर निवृत्त प्राध्यापक, घरात काचपेट्यांमध्ये चौदा बेडूक पाळतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते पंधरा दिवस नागपूरला मुलीकडे चाललेत. जायच्या आधी त्यांनी तासभर फक्त पाणी शिकवलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते पसरट टबात सावलीत ठेवायचं, अधूनमधून ढवळायचं, शिवाय औषधाचे थेंब टाकायचे. दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवून तपासायचं. तांब्याचं भांडं नको, हाताला साबण नको. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं ओढून घेतो. पाण्यात जे असेल ते त्याच्या रक्तात जातं.

स्वयंपाकाला मनकर्णाबाई येतात. आज त्यांनी आंबाडीची भाजी केली होती. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

११ एप्रिल
नगरपंचायतीची मोटार जळली. तीन दिवस झाले, नळ नाही. टब तळाला गेलाय आणि बाहेर त्रेचाळीस डिग्री. घरामागे पत्र्यानं झाकलेली विहीर आहे, पाणी काचेसारखं. मनकर्णाबाई म्हणाल्या, “तिथलं पाणी आमी घेत नाई, मदीहा.” काऊन, ते सांगितलं नाही. पट्टी बुडवली. क्लोरीन नाही, अमोनिया नाही, सगळं अगदी हवं तसं. सरांना फोन केला. ते म्हणाले, दुसरा इलाजच नसेल तर वापर, पण हातमोजे घाल.

घरात हातमोजे नव्हते.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी म्हणून मनकर्णाबाई आल्या नाहीत. बेडूक तजेलदार दिसतात, रंग उठून आलाय. कालपासून मात्र एकही ओरडला नाही.

संध्याकाळी लक्षात आलं, सकाळपासून मी घोटभरही पाणी प्यायले नाही. तहानच नव्हती.

१६ एप्रिल
टब धुताना पाणी कमी झाल्यासारखं वाटलं. म्हणून पेनानं खूण केली, दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले आणि शंभर आकडे मोजले. पाणी खुणेच्या दोन बोटं खाली गेलं. हात कोरडे निघाले.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

१७ एप्रिल
नळ आले. अंघोळीला पहिला तांब्या ओतला आणि खांद्यापासून पाठीपर्यंत मिरची लावल्यासारखी आग झाली. कातडी सोलून निघाली. मनकर्णाबाई धावत आल्या. पाठ बघून दाराशीच बसल्या.

“चंदा माही भाची,” त्या म्हणाल्या. “इथीच कामाले होती. तिले बी असंच झालं. आमी तिले नळाखाली धरलं, बरं वाटन म्हणून.”

मग उठून त्यांनी न्हाणीघरातला नळ घट्ट बंद केला.

१९ एप्रिल
टबातच बसून आहे. विहिरीचं पाणी मनकर्णाबाईच आणून ओततात, लांब दांड्याच्या भांड्यानं. बाहेर निघाले की कातडी ताणते, फाटते. सरांचा फोन आला होता. त्यांनी आधी हेच विचारलं, तहान लागते का? म्हणजे ठाऊक होतं त्यांना. बोलायला गेले तर घशातून शब्द निघेना. गळा नुसता फुगला. फोन मनकर्णाबाईंनी घेतला. त्या काय म्हणाल्या ते —

नको लिहायला.

२० एप्रिल
आवाज गेला. मनकर्णाबाईंनी अम्मीला कळवलं — पोरगी आजारी, ये. एवढंच.
बेडूक सगळे काचेशी येऊन बसलेत. माझ्याकडे तोंड करून.

२१ एप्रिल
मनकर्णाबाई डॉक्टरला आणायला गेल्या. जाताना दाराला बाहेरून कडी घातली, कोणी मला नळाचं पाणी लावू नये म्हणून.

दुपारी —
कडी निघाली. अम्मी. एकटीच. मला टबात पाहून तिच्या हातातली पिशवी गळून पडली. रडतेय, म्हणतेय, बेटा, किती तापलीस. मान हलवली मी. खूप हलवली. तिला वाटतं थंडी वाजतेय.

मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं — नळाचं पाणी लावू नको. तिनं कागद कुरवाळला, बाजूला ठेवला. अम्मीला मराठी वाचता येत नाही, मला उर्दू लिहिता येत नाही.

न्हाणीघरात नळ सोडल्याचा आवाज. ओढणीचं टोक भिजवून आणतेय. माझा चेहरा पुस —