डावीकडचा तिसरा खण

ती. स्व. वहिनींस,

नमस्कार. गुडघ्यांमुळे साष्टांग जमत नाही, तो घातला असे धरून चालावे. डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असे दादाने कळवले. पण दादाचे ‘नीट’ मला लहानपणापासून माहीत आहे (जिन्यावरून गडगडत खाली आला तेव्हाही नीट आहे म्हणाला होता), तेव्हा खरे काय ते तुम्हीच लिहा. थेंब वेळेवर घालत जा. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे, म्हणजे दादाकडून वाचून घ्यावे लागणार नाही. तो मध्ये मध्ये सुधारणा सुचवतो.

आधी क्षमा मागते. मागे तुम्ही आपुलकीने फोन केलात आणि मी, कोण बोलते आहे हेही न विचारता, पावती क्रमांक सांगा म्हणाले. तुम्ही हसलात. मी पुन्हा तेच विचारले, शिवाय सामानाचा रंग विचारला, तेव्हा तुम्ही घाबरून फोन ठेवलात. दादाने नंतर मला डॉक्टरांचा पत्ता कळवला आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. असे का झाले ते सांगायला महिनाभर मागे जावे लागेल.

आमचा विभाग तुम्हाला ठाऊक आहेच. कंपनीच्या गाड्यांतून ज्यांचे सामान हरवते ते आमच्याकडे फोन करतात. मी प्रमुख आणि माझ्या हाताखाली अकरा माणसे. त्यांतली दहा सामान शोधतात आणि एक बाई फोन घेते. सहा वर्षे तीच घेते आहे. तिला सगळे हळूबाई म्हणतात, कारण समोरचा कितीही कडाडला तरी हिचा आवाज चढत नाही. गेल्या महिन्याच्या एक तारखेला या हळूबाईने माझ्या टेबलावर राजीनामा ठेवला. कारण काय, तर वैयक्तिक. वैयक्तिक हे कारण मी मानत नाही, ती पळवाट आहे, तेव्हा समोर बसवून विचारले. बराच वेळ पेनाचे टोपण काढघाल करत राहिली. मग म्हणाली, “बाई, फोन वाजला की पोटात गोळा येतो. आता घरी दाराची घंटा वाजली तरी येतो. परवा मुलीने सायकलची घंटा वाजवली, तर मी तिच्यावर ओरडले. मी.”

नोकरी सोडून करणार काय, तर माहीत नाही म्हणाली. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालते. आमच्याकडे नियम असा की हातात आलेला राजीनामा तीस दिवसांच्या आत वरच्या कार्यालयात गेलाच पाहिजे, आणि एकदा वर गेला की परत येत नाही. मी तो कागद टेबलाच्या डावीकडच्या तिसऱ्या खणात ठेवला आणि बघते म्हटले. (माया वगैरे काही नाही, गैरसमज नको. तिच्या तक्रारनोंदी मला दुरुस्त कराव्या लागत नाहीत. अशी माणसे दोनदा मिळत नाहीत.)

योगायोग असा की त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयाचे परिपत्रक आले. कार्यालयातील वातावरण सुधारून कर्मचाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य वाढवावे, असा विषय. एरवी अशी परिपत्रके मी वाचल्याची सही करून फायलीला लावते. पण या वेळी खणात तो कागद होता. मी साहेबांकडे जाऊन हे काम अंगावर घेतले. साहेबांनी दोनदा विचारले, तुम्ही? नक्की? मी हो म्हटले. मग त्यांनी एक सल्लागार पाठवला. सभ्य माणूस, वय दादाच्या थोरल्याएवढे, आवाज असा की ऐकता ऐकता डोळे मिटावेत. त्याने आमच्या खोलीच्या मधोमध उभे राहून डोळे बंद केले, लांब श्वास घेतला आणि भिंती दमल्या आहेत असे निदान केले.

भिंतींना फिका निळा रंग द्यायचे ठरले. त्याने मन निवते म्हणे. रंगाच्या वासाने पहिल्या दिवशी चौघांची डोकी धरली, दुसऱ्या दिवशी सगळ्यांची, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे टेबले उचलून व्हरांड्यात बसलो. तिथे कागद उडत होते. एका गृहस्थांची सुटकेस सापडली होती, तिची पावती उडून गटारात गेली, आणि शिपाईकाका पँट वर करून गटारात उतरले. यात कुणाचे मन निवले असेल तर ते मला सांगितले गेले नाही. मग प्रत्येकाला एक कुंडी देण्यात आली. सजीव वस्तूची काळजी घेतल्याने काळजी कमी होते, हे मला पटले होते, कबूल करते. पण आमचा एक कारकून आहे, त्याला आम्ही नियमवाले म्हणतो. तो रोज सकाळी पट्टी घेऊन स्वतःच्या रोपाची उंची मोजू लागला, मग दुसऱ्यांच्या रोपांची, आणि मग त्याने उंचीप्रमाणे यादी करून भिंतीवर लावली. शेवटच्या तिघांचे चेहरे उतरले. एकाने रोपाला ताप आहे म्हणून अर्ध्या दिवसाची रजा मागितली. (दिली नाही. नंतर रोप मेले. आता वाटते, द्यायला हवी होती.)

पुढे शांत खोली. कोऱ्या कागदांची खोली रिकामी करून तिथे जमिनीवर एक भलामोठा लिबलिबीत गोळा आणून टाकला, त्याला बीनबॅग म्हणतात. दमलेल्या माणसाने त्यात बसून दहा मिनिटे काहीही करायचे नाही. कोणतीही वस्तू कर्मचाऱ्यांना देण्याआधी मी स्वतः तपासते, म्हणून बसले. वहिनी, बसता येते, उठता येत नाही. हाताने रेटावे तर हात आत जातो. पंचवीस मिनिटे मी छताकडे बघत होते. हाक मारणे माझ्या पदाला शोभले नसते. शेवटी कोरे कागद शोधत हळूबाई आली आणि तिने शिपाईकाकांना बोलावले. एकाने डावा हात धरला, एकीने उजवा. बाहेर पडताना हळूबाईचे खांदे हलत होते. सहा वर्षांत मी तिला हसताना पाहिले नव्हते, म्हणून रागावले नाही.

पण तिची मूळ अडचण जागच्या जागीच होती. सल्लागाराला मी ती नाव न घेता सांगितली. त्याने त्यावर फार विचार केला आणि फोनची घंटा काढून तिथे पाखरांचा चिवचिवाट बसवला. पहिले दोन दिवस सगळे खूश. चिवचिव झाली की माणसे खिडकीकडे बघत. आठवड्याने मी हळूबाईला मुद्दाम विचारले, आता कसे वाटते. ती म्हणाली, “घंटेचं बरं होतं बाई. आता पहाटे झाडावर चिमण्या बोलल्या तरी गोळा येतो.”

त्या दिवशी सत्तावीस तारीख होती. तीन दिवस उरले होते, आणि मी एका बाईची सकाळसुद्धा घालवून बसले होते.

मी पाखरे बंद केली, हळूबाईला सामान शोधणाऱ्यांत पाठवले आणि फोनवर स्वतः बसले. आमच्या फोनची जागा तुम्ही पाहिलेली नाही. दोन उंच कपाटांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक टेबल आहे. बोलण्याचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून ही व्यवस्था नऊ वर्षांपूर्वी केली होती. ती मी केली होती. सकाळी नऊपासून तिथे बसले. पहिला फोन एका नवऱ्या मुलाच्या बापाचा. लग्न दुपारी, कपडे हरवलेले, आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. मी त्यांना नियम समजावला, त्यांनी मला नियमाचे काय करायचे ते समजावले. दुसऱ्या बाई फक्त रडत होत्या. पेटीत आईची पत्रे होती. त्यांना काय सांगायचे हे कुठल्याच परिपत्रकात नाही. अकरा वाजेपर्यंत एकवीस फोन झाले. मी वळून बघितले, कुणाशी तरी दोन शब्द बोलावेत म्हणून, तर कपाटाची पाठ. पाणी प्यायला पेला उचलला तर तो हातात हलत होता. मी एकतीस वर्षे नोकरी केली, माझा हात कधी हललेला नाही. आणि ही बाई सहा वर्षे तिथे बसत होती. (त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला. उरलेले तुम्हाला माहीत आहे.)

दुसऱ्या दिवशी मी कपाटे भिंतीला लावली, फोनचे टेबल सगळ्यांच्या मधोमध आणले आणि पाळ्या लावल्या. कुणीही दोन तासांपेक्षा जास्त फोनवर बसायचे नाही. नियमवाल्याने फोन घेणे त्याच्या कामाच्या यादीत नसल्याचे दाखवून दिले. मी म्हटले, माझ्याही नाही, आणि पहिली पाळी माझी आहे. त्याने यादी घडी करून खिशात घातली. आता फोनवर कुणी शिव्या घालू लागला की जो पाळीवर असतो तो नुसता डोळे वर करतो, आणि आजूबाजूचे पाच जण तोंडे वाकडी करून त्याला धीर देतात. शिपाईकाका न सांगता पाणी आणून ठेवतात.

तीस तारखेला हळूबाईला बोलावले. खण उघडला, कागद तिच्यापुढे ठेवला. आज हा वर जाईल नाहीतर फाटेल, तू सांग, म्हटले. तिने तो उचलून पहिल्यापासून वाचला, मग माझ्याकडची कात्री घेऊन तारखेची पट्टी नीट कापून काढली आणि कागद घडी करून परत माझ्याकडे सरकवला.

“असू दे ना बाई तुमच्या खणात,” ती म्हणाली. “तो तिथे आहे म्हटलं की फोन उचलायला जड जात नाही.”

बिनतारखेचा कागद मी आयुष्यात कधी स्वीकारलेला नाही. स्वीकारला. तीस दिवस कुठल्या तारखेपासून मोजायचे हे आता कुणी सांगू शकत नाही, आणि नियमात तशी सोय नाही हे नियमवाल्याकडून खात्री करून घेतले आहे. त्याने का विचारता म्हटले. दोन दिवसांनी त्याचाही राजीनामा आला, तीन प्रतींत, तारखेची जागा मोकळी सोडून. मग ही गोष्ट कशी फुटली देव जाणे. आज खणात नऊ राजीनामे आहेत. शिपाईकाकांचा मी लिहून घेतला, ते शुक्रवारी येतात, वाचून दाखवा म्हणतात, ऐकतात, बरोबर आहे म्हणतात आणि कामाला जातात. नऊ जणांना सोडून जायची मोकळीक आहे आणि कुणी जात नाही. उलट या आठवड्यात तीन जण वेळेआधी आले. हळूबाईच्या मुलीने सायकलला नवी घंटा बसवून घेतली आहे, असे मला कळवण्यात आले.

काल सल्लागार पाहणीचे तक्ते भरायला आला. मनःस्वास्थ्यात लक्षणीय सुधारणा आहे, ती कशामुळे झाली, असे त्याने विचारले. मी निळ्या रंगामुळे म्हणाले. (काय सांगणार होते?) तसे त्याने अहवालात लिहिले आहे, आणि आता कंपनीच्या सगळ्या कार्यालयांना निळा रंग लागेल याचे मला थोडे वाईट वाटते. निघताना तो दारात घुटमळला. मग बॅगेतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिले आणि त्या आवाजात विचारले, बाहेरच्या माणसाचे चालते का. खणात दहावे ठेवले आहे.

तर असे आहे. मी खडखडीत बरी आहे हे दादाला सांगा. गुडघ्यांना तेल लावते. तुम्ही डोळा चोळू नका.

तुमची नणंद

ता. क. बीनबॅग कुणाला हवी असल्यास कळवा. दादाला मात्र नको, तो बसला तर तुम्हाला एकटीला काढता येणार नाही.

ता. क. आता खरे काम. या पत्रासोबत एक बंद पाकीट आहे. त्यात माझा राजीनामा आहे. तारीख घातलेली नाही. माझ्या वर फक्त साहेब आहेत, आणि साहेबांकडे गेलेला कागद ते त्याच दिवशी पुढे पाठवतात, खण म्हणून नाहीच. एवढ्या माणसांत मला तुम्हीच सुचलात. कपाटात जाड साड्यांच्या खाली ठेवा. कुणाकडे पाठवायचा नाही, मला परत करायचा नाही, नुसता असू द्यायचा. दादाला दाखवू नका, त्याला तो टपालात टाकायचा राहिला आहे असे वाटेल. सोमवारी दुपारच्या सुट्टीत लिहिला, आणि नंतरच्या पाळीत सतरा फोन घेतले. पेला हलला नाही.

ता. क. वहिनी, तुमची त्या घरातली नोकरी माझ्या नोकरीपेक्षा आठ वर्षांनी जुनी आहे. रजा किती झाली ते मला माहीत आहे. तेव्हा तुम्हालाही काही लिहून माझ्याकडे ठेवायचे असेल तर संकोच करू नका. खणात जागा आहे, किल्ली माझ्याकडे आहे, आणि दादाला मी सांगणार नाही. फक्त तारीख घालू नका.