तिसऱ्या सहीची निरवानिरव

मी, प्रीतम शमुवेल रामटेके, वय वर्षे छप्पन्न, धंदा वृत्तपत्रात तिरकस सदर लिहिणे, राहणार नंदनवन, नागपूर, सर्वप्रथम अशी तक्रार नोंदवतो की माझ्या कुलरचा पंप काल चौथ्यांदा बंद पडला. शेचाळीस अंशांत, वाळलेल्या खसच्या ताट्यांसमोर बसून माणसाला आपली अखेरची इच्छा लिहावी लागावी, ही कोणत्याही सुधारलेल्या राज्याला शोभणारी गोष्ट नाही. ज्याला हे वाक्य सुचतं तो पुरता शुद्धीवर आहे, असं माझ्या वकील रितिकाबाईंचं मत पडलं. तेव्हा पुढील मजकूर मी कोणाच्याही दडपणाखाली नसताना, शाबूत डोक्याने आणि नादुरुस्त यकृताने लिहून ठेवतो. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलेलं सापडल्यास ते विनोद समजावं.

कलम १. नंदनवनातलं दोन खोल्यांचं घर मुलगी मेघा हिला, जी पुण्यात असते. त्याला मी अट जोडणार होतो, की तिने इथे येऊन राहावं आणि दर रविवारी सकाळी नऊला आमच्या प्रार्थनामंदिरात बसावं. रितिकाबाई म्हणाल्या, अशा अटीतून फक्त भांडण निघतं. मेघा फोनवर म्हणाली, "बाबा, मी उपासना मोबाईलवर पाहते ना. आवाजही स्वच्छ येतो." खरं आहे. आमच्या मंदिरात तो स्वच्छ येत नाही. घर विनाअट तिचं.

कलम २. ही अट मला का सुचली, ते लिहितो. आमच्या ख्रिस्ती मंडळीत एके काळी साठ कुटुंबं होती. त्यांतली निम्मी आमचे तेव्हाचे सचिव दुर्गेश यांच्यामागून नव्या वातानुकूलित सभागृहात गेली. उरलेली काही बदलीने गेली, काही वयाने. आता हजेरीच्या रजिस्टरात तीन सह्या होतात. रामाजी, वय शहात्तर, जे दार उघडतात, घंटा वाजवतात आणि पाळक, म्हणजे पाद्री, नसल्यामुळे उपासनाही चालवतात. सिंधूताई, वय एक्क्याऐंशी. आणि मी. वरच्या समितीचं पत्र आहे की सलग चार रविवार हजेरी तिघांच्या खाली गेली, तर मंदिराला कुलूप लावून जागा विकावी. लकडगंजचे एक व्यापारी दोनदा टेप लावून जागा मोजून गेले.

तिसरा मी आहे, आणि डॉक्टर दिवाळीचं नाव काढत नाहीत.

कलम ३. माझ्या सदराची बावीस वर्षांची कात्रणं रद्दीत द्यावीत. त्यांत एक लेख आहे, ज्यात मी लिहिलं होतं की देव घरी बसूनही ऐकतो, त्यासाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दाटीवाटी कशाला. तो लेख फार गाजला. त्यानंतर एकोणीस वर्षं मी घरी बसलो. देव ऐकत असेलही. मी त्याला एक शब्द सांगितला नाही.

बायको वारली, त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी रामाजी घंटा वाजवून माझ्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. मी खिडकीतून बघायचो आणि पेपर वर धरायचो. एकदा ते सरळ म्हणाले, "काहून बसून राहिला गा? चाल. मले तुह्या भक्तीचं काई नाई, रजिस्टरात तिसरी सही पाहिजे." इतकं प्रामाणिक आमंत्रण मला उभ्या आयुष्यात कोणी दिलं नव्हतं. मी शर्ट बदलला.

तिथे काय मिळालं? चमत्कार नाही, यकृताची साक्ष घ्या. पण सिंधूताईंचा दम दुसऱ्या ओळीला संपतो, तिसरी रामाजी उचलतात, त्यांना खोकला आला की चौथी माझ्यावर येते. तिघांत मिळून एक गीत पुरं होतं. ज्या दिवशी मी उपासनेतली 'माझा विश्वास आहे' ही वाक्यं म्हणू शकलो नाही, त्या दिवशी बाकीच्या दोघांनी ती म्हटली आणि माझं तोंड बंद असल्याचं मला जाणवू दिलं नाही. मोबाईलवर ही सोय नाही.

कलम ४. बँकेतल्या शिल्लकीतून ऑटोवाले चंद्रभान यांना आगाऊ भाडं द्यावं, म्हणजे मंदिर उघडं आहे तोवर ते सिंधूताईंना घरून आणतील. माझ्यानंतरची तिसरी सही म्हणून चंद्रभान यांनाच आत बसवावं, असा डाव मी टाकून पाहिला. ते म्हणाले, "साहेब, मले दहाले विहारात पोचाचं राहते." त्यांच्या विहारात चपला ठेवायला जागा नसते. मला हेवा वाटला, तो इथे जाहीर करतो.

कलम ५. दुर्गेश यांना माझा राग. वापरून झिजलाय, पण त्यांनी सांभाळून ठेवावा.

कलम ६. माझा अंत्यविधी रविवारी सकाळी नऊच्या उपासनेतच करावा. लोक मेलेल्यासाठी येतात; आलेच आहेत तर रजिस्टरात सही करून जातील. हा बेत मी रामाजींना विचारला, कारण ते अशा बाबतीत कडक आहेत. मी दवाखान्यात असताना सिंधूताईंनी माझ्या नावापुढे सही ठोकली होती, ती रामाजींनी लाल शाईने खोडली आणि म्हणाले होते, "देवासमोर बसून खोटी हजेरी लावाची काय वं, ताई?" माझा बेत ऐकून त्यांनी रजिस्टराचं शेवटचं पान उघडून पाहिलं. मग म्हणाले, "मेलेल्याची सही चालत नाई गा. तुह्यासाठी जे येतीन, त्यायची चालते."

म्हणजे चार रविवारांची मोजणी एका आठवड्याने पुढे जाईल. त्यानंतर कुलूप. मंदिरासाठी माझ्याकडून होण्याजोगं इतकंच आहे, आणि ते पुरेसं नाही, हे मला ठाऊक आहे.

कलम ७. माझी गीतांची वही आणि वाचायचा चष्मा रामाजींना. त्यांचा नंबर वेगळा आहे, तरी न्यावा. अंमलबजावणी रितिकाबाईंनी करावी. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, म्हणून माझ्या दोन्ही सोबत्यांची सही या कागदावर नाही.

कलम ८. एक बाकी आज सकाळीच फेडली, तिची फक्त नोंद. उपासनेच्या शेवटी प्रत्येकाने दुसऱ्या एकाचं नाव घेऊन मोठ्याने प्रार्थना करायची, अशी आमच्याकडे रीत आहे. दोन वर्षं सिंधूताईंनी दर रविवारी माझं नाव घेतलं. माझी पाळी आली की मी घसा खाकरून बसून राहायचो. आज उठलो. सिंधूताईंचं नाव घेतलं आणि त्यांच्या गुडघ्यांसाठी मागितलं. दोनच वाक्यं झाली. सिंधूताई "आमेन" म्हणाल्या आणि पायाने चप्पल चाचपू लागल्या.

लिहून देणार : प्रीतम शमुवेल रामटेके (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही :
१. गोविंदा मारोतराव ढोबळे, शेजारी (सही)
२. मिनल वाघाडे, लिपिक, वकिलांचं कार्यालय (सही)

स्थळ : नंदनवन, नागपूर
दिनांक : ११ मे २०२५, रविवार