हात हलवत आलेल्याला पाणी

मी, अराबा एसुमन, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा मासे धुरावर सुकवून विकणे, राहणार एनोबिर, समुद्राकडची खालची आळी, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझे गुडघे गेले, डावा डोळा गेला, पण डोकं जागेवर आहे. माझ्यावर कुणाचीही जबरदस्ती नाही. माझ्यावर जबरदस्ती करील असा माणूस या गावात अजून जन्मायचा आहे. लिहिणारे श्री. आटो क्वानसा, कोर्टाच्या दाराशी टंकलेखन करता करता म्हातारे झालेले गृहस्थ. माझं बोलणं छाटायचं नाही, अशी त्यांना अट घातली आहे. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी सांगत आलं, तर ते धादांत खोटं समजावं.

कलम पहिले. माझ्या मरणाचा सोहळा करू नये. दोन दिवसांच्या आत मला पुरावं. शवागारात महिना महिना बर्फात ठेवायची जी टूम निघाली आहे, ती माझ्या बाबतीत चालणार नाही. जिवंतपणी माझ्या माशांना बर्फ मिळाला नाही, मेल्यावर मला नको. का मिळाला नाही, ते पुढे येईलच.

कलम दुसरे. माझ्या मातीच्या चार भट्ट्या, जाळीच्या अठरा चाळण्या आणि मोठी घमेली मान्सा अबेका हिला द्यावीत. मान्सा माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. जिभेची तिखट, पण माझ्याशी एकदाही खोटं वागली नाही. या गावात अशी ती एकटीच. तिसऱ्या भट्टीचं तोंड वाऱ्याकडे आहे, तिथं ओली लाकडं घालू नकोस गं बाई, डोळे जातील. माझा असाच गेला.

कलम तिसरे. माझ्या धाकट्या भावाचा, एबो एसुमनचा, चेहरा छापलेलं निवडणुकीचं कापड, दोन वार. त्यानं मी भट्टीची राख पुसते. ते कुणालाच देऊ नये, फाटेपर्यंत त्याच कामाला वापरावं.

इथं क्वानसांनी हात थांबवला. म्हणाले, "अराबाबाई, हे कायद्याच्या कागदात शोभत नाही."

मी म्हटलं, "त्यानं केलं ते शोभलं? लिहा."

तर सांगते. मी या किनाऱ्यावरच्या मासेवाल्या बायकांची नायकीण होते, एकवीस वर्षं. होड्या आल्या की माशाचा पहिला भाव मी ठरवायची, मग बाकीच्यांनी तोंड उघडायचं. एबो निवडणुकीला उभा राहिला तेव्हा मी दारोदार फिरले. बायकांना सांगितलं, "माझा भाऊ आहे, किनाऱ्यावर बर्फघर बांधणार. आता उरलेला मासा कवडीमोलानं द्यावा लागणार नाही." माझ्या शब्दावर बायकांनी मतं दिली. तो निवडून आला, उपमंत्री झाला. बर्फघराच्या भिंती उठल्या, दारावर त्याच्या नावाची पाटी लागली. यंत्रं बोटीतून उतरली आणि थेट राजधानीतल्या त्याच्या हॉटेलात गेली. आमच्या बर्फघरात आजही शेळ्या बांधतात.

माझा सख्खा भाऊ. त्याच्या शाळेच्या फीसाठी मी धूर खाल्ला, स्वतः एक अक्षर शिकले नाही. त्यानं माझ्याच शब्दाशी दगा केला. पण मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच.

बर्फघराच्या चौकशीला सरकारी साहेब आले. नारळीखाली टेबल मांडलं, बायकांना एकेक करून विचारलं, "बर्फ मिळतो का?" माझी मुलगी एकुआ पुढे झाली आणि हसत हसत म्हणाली, "मिळतो की साहेब! इतका गार की दात वाजतात." मागोमाग, मान्सा सोडून, सगळ्या तेच म्हणाल्या. एबोनं आदल्या आठवड्यात प्रत्येकीला नवं घमेलं आणि लुगड्याचं कापड पाठवलं होतं. शेवटी माझी पाळी. मी म्हटलं, "साहेब, बर्फघरात शेळ्या आहेत. चला, दाखवते."

मंगळवारी आमच्याकडे समुद्रावर कुणी जात नाही, म्हणून सभा मंगळवारीच भरते. त्या मंगळवारी बायकांनी मला नायकिणीच्या चौरंगावरून उठवलं. गावाचा माणूस वर पोचला आणि बहिणीनंच त्याचे पाय ओढले, हा माझा गुन्हा. चौरंगावर कुणाला बसवलं? एकुआला. माझ्या पोटच्या पोरीला. ती बसलीही. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे सरकार बदललं, एबोला चार वर्षं तुरुंग झाला, हॉटेल जप्त झालं, बायको पोरं घेऊन निघून गेली. आणि हो, ज्या बायकांचे दात बर्फानं वाजत होते, त्या रस्त्यावर नाचल्या! "चोर गेला, चोर गेला!" त्यात एकुआचा आवाज सगळ्यांत मोठा. सख्खा मामा तिचा. मला दोन्ही वेळा तिची लाज वाटली.

कलम चौथे. राहतं घर. जमीन माझ्या आईची, भिंती माझ्या कमाईच्या, आणि वरचे पत्रे एबोनं आणलेले. ते पत्रे मुळात कुणाचे होते, ते मला आजतागायत माहीत नाही. विचारलंच नाही. हे घर मी माझी एकुलती एक मुलगी एकुआ अमिसा हिला देत आहे. मान्सा म्हणते, "डोकं फिरलंय का तुझं? तिला देतेस?" रागाच्या भरात मी घर परक्याला देऊ शकते. पण मग त्या दारात माझं म्हणणं कोण ऐकणार?

कलम पाचवे. वरील घरातील मागील बाजूची खोली माझा भाऊ एबो याला तो हयात असेपर्यंत राहण्यास द्यावी.

हे कलम ऐकून क्वानसांनी चष्मा काढला. मान्सा गेले दोन महिने माझ्याशी वाद घालते आहे, तो पुन्हा सुरू झाला. एबो फेब्रुवारीत सुटून आला, हातात एक कापडी पिशवी. ज्या लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं, त्यांनी दारं लावून घेतली. एकुआ मला म्हणाली, "आई, हा माणूस या घरात राहिला तर होड्यावाले मला मासा देणार नाहीत. तू आहेस तोवर त्याला राहू दे, तुझ्यामागे मी ठेवणार नाही." म्हणून हा कागद. त्याला दुसरं छप्पर नाही.

क्वानसा म्हणाले, "यांच्यासारख्यांनी देश खाल्ला, अराबाबाई. गोरा गेला, खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि हे जाऊन बसले. वरचे नासले म्हणून खालचे नासले."

मान्सा उसळली, "वरचे काय आभाळातून टपकले? आपल्याच आळीत वाढले, आपल्याच भांड्यात जेवले! यानं चोरी केली नसती, तर यालाच आपण नालायक म्हटलं असतं."

मी दोघांना गप्प केलं. कारण पहिलं कोण नासलं, हे मी बघितलं आहे. मी तिथं होते.

एबोला बंदरावर कारकुनाची नोकरी लागली, त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. एका वर्षानं तो पहिल्यांदा घरी आला. अंगणात सगळं घराणं जमलेलं. आमच्याकडे आलेल्याला आधी बसवतात, पाणी देतात, तो प्याला की मग विचारतात, "कुठून आलास, काय वर्तमान?" तोवर कुणी काही विचारायचं नाही, आलेल्यानं सांगायचं नाही. मी टवके उडालेला पांढरा पेला भरून उभी होते. एबोनं पिशवी उघडली. आत बिस्किटांचा एक पुडा.

चुलत्यानं विचारलं, "बंदरावर नोकरी, आणि हात हलवत आलास?"

एबो म्हणाला, "पगार तेवढाच आहे, काका. वरचं घेतलं तर ती चोरी होते."

अंगणभर हशा पिकला. बायका पोट धरून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या धुराचं, माझ्या डोळ्याचं हे मोल? मी म्हटलं, "मग तुला शिकवलं कशाला?" आणि भरलेला पेला घेऊन आत गेले. त्याला पाणी दिलं नाही. तो उन्हात तसाच उभा राहिला. पंचवीस वर्षांचा होता, आणि माझ्याकडे बघत होता.

पुढच्या वर्षी तो आला तेव्हा लॉरी भरून पत्रे होते, रेडिओ होता, सहा लुगडी होती. मी काचेच्या नव्या पेल्यात, दोन्ही हातांनी पाणी दिलं. तो प्याला. मग रीतीप्रमाणे वर्तमान विचारायचं. ते कुणीही विचारलं नाही. मीही नाही.

एवढंच झालं. त्यात राजा नव्हता, मंत्री नव्हता, गोराही नव्हता.

हे सांगत होते तेव्हा एबो दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. म्हणाला, "आक्का, पेला तू परत नेलास, खरं आहे. पण बर्फघर मी खाल्लं. तेही स्वतःकडे घेऊ नकोस. तेवढं तरी माझं माझ्याकडे राहू दे."

मला रडू आलं, हेही लिहा म्हणून सांगितलं आहे.

कलम सहावे. टवके उडालेला तो पांढरा पेला एकुआला द्यावा. काचेचा कधीच फुटला.

कलमं संपली, आणि साक्षीदारांचं घोडं अडलं. पहिले साक्षीदार क्वानसा स्वतः. दुसरी म्हणून आळीतल्या तीन बायकांना बोलावलं होतं. एकीचं पोट दुखलं, दुसरी बाजारला गेली, तिसरीनं सरळ निरोप पाठवला, "एकुआच्या विरुद्ध अंगठा उठवला तर मला मासा कोण देईल?" मान्सा सही करायला तयार, पण तिला भट्ट्या मिळतात. आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्ष केली, तर त्याला दिलेलं रद्द होतं. क्वानसा म्हणाले, पुढच्या मंगळवारी बघू. मी म्हटलं, छातीत रोज कळ येते, आधी तिला पुढचा मंगळवार विचारून घ्या.

एबो पुढे आला. म्हणाला, "पाचवं कलम खोडा. मी करतो सही."

क्वानसा म्हणाले, "अहो, मग खोलीवर तुमचा काही हक्क राहणार नाही. भाचीनं उद्या बाहेर काढलं, तर दाखवायला कागद नसेल."

"कागद पुष्कळ पाहिले, साहेब," एबो म्हणाला. "जन्मभर सह्या करत आलो. ज्यातून मला काही मिळत नाही, अशा एका तरी कागदावर करू द्या."

मी त्याला अडवणार होते. अडवलं नाही. त्यानं सगळा कागद मला मोठ्यानं वाचून दाखवला, कापडानं राख पुसण्यासकट. एकही शब्द गाळला नाही.

तेव्हा वरील पाचवे कलम, लाभधारकाच्या स्वतःच्या सांगण्यावरून, माझ्यादेखत खोडले आहे, ते रद्द समजावे.

एकुआ, आता तुला बांधणारा कागद नाही. घर तुझं, दार तुझं, पेला तुझा. मला पुरून तुम्ही परताल तेव्हा तुझा मामा अंगणात हात हलवत उभा असेल. त्याला आधी पाणी दे. पिऊन झालं की वर्तमान विचार, आणि तो सांगेल ते शेवटपर्यंत ऐक. मला यातलं एकही जमलं नाही.

वाचून दाखवलेला मजकूर मी सांगितल्याप्रमाणेच आहे, म्हणून खाली अंगठा केला आहे.

अराबा एसुमन, उजव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा.

एनोबिर, मंगळवार, दिनांक १० मे २०११.

साक्षीदार १. आटो क्वानसा, टंकलेखक. सही.

साक्षीदार २. एबो एसुमन, धंदा काही नाही, राहण्याचे ठिकाण अनिश्चित. या मृत्युपत्रातून त्यास काहीही मिळत नाही. सही.