थेंबांची किमान मर्यादा

प्रिय खलाशीबुवा,

तुझ्या जहाजावरून आलेले आकडे मिळाले. समुद्रावरच्या हवेत मीठ किती, धूळ किती, धूर किती, सगळं अगदी नीटनेटकं. आणि खाली माझ्यासाठी एकच ओळ, "पुढच्या सफरीलाही जाऊ का?" आणखी चार शब्द लिहिले असतेस तर जहाज बुडलं नसतं. असो, उत्तर देते, जरा दम धर. इकडे तुझ्या आई रोज जेवताना विचारतात, "हा तिकडे मोजतो तरी काय?" हवेतले कण, मी सांगते. "त्यासाठी एवढ्या लांब? आपल्या माळ्यावर काय कमी आहेत?" मग आम्ही दोघी पोटभर हसतो.

ऑफिसात मात्र माझी तारांबळ उडाली होती. आठवतं, आपण शेजारी बसून संगणकावरच्या हवामानाच्या मॉडेलमधले ढग जुळवायचो? थेंब कणाभोवतीच धरतो. कण कमी असले की थेंब थोडे आणि मोठे होतात, आणि ढग लवकर बरसून मोकळा होतो. स्वच्छ समुद्रावर आपले ढग टिकेचनात, तेव्हा वैतागून तू प्रोग्राममध्ये एक ओळ घातलीस: हवा कितीही स्वच्छ असो, थेंबांची संख्या अमुक आकड्याखाली जाऊच द्यायची नाही. "खरे आकडे येईपर्यंत चालवून घे," म्हणालास आणि जहाजावर चढलास. ढग छान दिसत राहिले. पण आम्हाला बघायचं होतं धुराने ढग किती बदलतात ते, आणि स्वच्छ हवेतच थेंब भरपूर, मग धूर वाढवून फरक दिसणार कुठून? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

काल तुझे आकडे घातले आणि ती ओळ काढून टाकली. समुद्रावरचे ढग विरळ झाले, जागोजागी फाटले. साहेब खूश होऊन म्हणाले, "आता खरं दिसतंय!" मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, आनंदाने.

तशीच एक ओळ मी तुला लिहिताना दरवेळी घालते, 'इकडे सगळं ठीक.' तू गेल्यापासून तिच्या खाली कधी उतरलेच नाही. आज ती काढते आहे. ठीक नाही रे. तुझी उशी बघवत नाही म्हणून कपाटात ठेवली आहे. आई हसून झालं की उठतात आणि दारापर्यंत जाऊन येतात. मला तुझी फार आठवण येते. जाऊ का, असं तू विचारलंस आणि मी नेहमीसारखं 'जा' म्हणेन असं तुला वाटत असेल. नको जाऊस. घरी ये.

वाट बघून थकलेली, तुझीच
ढगवाली